तारीख पुढे ढकलणारी माणसं

2023, 24 आणि 25, सलग तीन वर्षं अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकमेकींना खेटून आल्या. 2023 ला तर एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बसून ठरवलं की विसर्जन होऊ दे, आपला जुलूस आपण नंतर काढू, आणि सरकारने सुट्टी 29 ला केली. 2024 ला जुलूस 18 सप्टेंबरला गेला, 2025 ला 8 ला. किती जणांना आठवतंय हे? दंगल झाली असती तर तारखेसकट पाठ असतं सगळ्यांना.

असं होत राहणारच. हिजरी, म्हणजे मुस्लिम कालगणनेतले, महिने चंद्रावर चालतात, आपलं पंचांगही चंद्रावरच, फक्त पंचांगात अधिक महिना येतो आणि हिजरीत येत नाही, म्हणून दोन महिन्यांची जोडी एकदा जमली की दोन-तीन वर्षं टिकते आणि अधिक महिना आला की मोडते. 2018 ते 20 गणपती आणि मोहरम एकत्र होते. 2022 आणि 2023 ला आषाढी आणि बकरी ईद अगदी एकाच दिवशी, आणि कितीतरी गावांतल्या मुस्लिमांनी एकादशीला कुर्बानी नको म्हणून सांगितलं, ती तीन दिवसांत कधीही करता येते, दुसऱ्या दिवशी केली. सांगलीच्या वाळवा तालुक्यात गोटखिंडीला तर गणपती मशिदीतच बसतो, चाळीसेक वर्षं झाली, सुरुवात कशी झाली तर पावसात मूर्ती भिजू नये म्हणून आत घेतली, एवढंच.

पण मला एक गोष्ट मनापासून खटकते, की वरच्या जवळजवळ सगळ्या उदाहरणांत मागे कोण सरकलं बघा. आपण हिंदू म्हणून कौतुकाच्या पोस्ट टाकतो, "याला म्हणतात एकोपा" वगैरे, आणि आपली मिरवणूक मशिदीसमोर आली की डीजेचा आवाज दहा मिनिटं कमी करायला सांगितलं तर लगेच अस्मिता दुखावते. हे बरोबर नाही. आणि 2025 ला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदीचा ठराव केला, ज्या कानिफनाथांना शहा रमजान म्हणून मानणारे मुस्लिमही आहेत. पिढ्यान्पिढ्या ज्याचं पोट त्या यात्रेवर चालतं त्याला एका ठरावात बाहेर? मला हे वाचून झोप लागली नव्हती.

आणि हे सगळं प्रेमाच्या भाषणांनी सुटतं असंही मला वाटत नाही. भिवंडी 1984 ला जळाली होती. नंतर तिथे सुरेश खोपडे पोलीस अधिकारी म्हणून आले आणि त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्हीकडची साधी माणसं, पोलिसांबरोबर नियमित बैठका, नळाच्या भांडणापासून सगळं तिथेच बोलायचं. डिसेंबर 1992 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख आधीपासून होती म्हणून अफवा आली की फोन करायला, विचारायला समोर माणूस होता.

आपल्याकडे शांतता समितीची बैठक सणाच्या चार दिवस आधी होते, चहा, बिस्किट, फोटो, संपलं. मंडळांच्या अध्यक्षांना माझं हात जोडून सांगणं आहे, सण नसेल त्या महिन्यात बसा, आणि या वेळी कोण सरकणार हा प्रश्न आला तर पहिला हात आपल्या मंडळाचा वर जाऊ द्या.