खुलासा : स्कुटारीतले मृत्यू मायेच्या स्पर्शाने थांबले नव्हते

१२ मेच्या परिचारिका दिनाला एक मजकूर हमखास फिरतो : रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात इंग्लिश परिचारिका फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या मायेच्या स्पर्शाने तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयातला मृत्युदर ४२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, कारण शुश्रूषा बाईच्या रक्तातच असते. सोबत दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र.

मृत्युदर घसरला हे खरे, पण कारण चुकीचे दिले आहे. नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये पोहोचल्या आणि त्या हिवाळ्यात मृत्यू उलट वाढले. इमारतीखालची गटारे तुंबलेली, पाणी दूषित, हवा कोंदट. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारचा स्वच्छता आयोग आला, गटारे साफ झाली, हवा खेळू लागली, तेव्हा आकडे झपाट्याने उतरले. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेल यांनी स्वतःच आकडेवारी तपासली, आलेख काढले आणि दाखवून दिले, की जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक गेले. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने, म्हणजे संख्याशास्त्राच्या संस्थेने, त्यांना सदस्यत्व दिले. तिथल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य.

हे काम पोस्टरवर येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. बुद्धी झाकून नुसती माया दाखवली, की परिचारिकेने रीतसर पगार किंवा वॉर्डात पुरेशी माणसे मागणेही लोकांना खटकू लागते.

‘रक्तातच असते’ हेही खोटे. या युद्धाआधी ब्रिटिश लष्करी रुग्णालयांत शुश्रूषा प्रामुख्याने पुरुष अर्दलीच (रुग्णालयातले मदतनीस) करत.