भाड्याने दिलेलं खातं

'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर कुणाला घरातच 'अटकेत' ठेवून पैसे उकळल्याची, बातमी आली की खालच्या कमेंट ठरलेल्या: "एवढे शिकलेले, तरी फसतात कसे?" मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो. फसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर एकटादुकटा भामटा नसतो. कामं वाटून घेतलेली, तीन-चार देशांत पसरलेली आख्खी टोळी असते.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, शेकडो पोरं ताब्यात घेतली. रात्रभर ती अमेरिकेत फोन करायची. आम्ही आयआरएसमधून, म्हणजे तिकडच्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाहीत तर पोलीस येतील. नाव अमेरिकन, वाक्यं कागदावर लिहून दिलेली, वसुली गिफ्ट कार्डवर. कॉल सेंटरच्या धंद्यामुळे स्वस्त फोनलाइन आल्या, परदेशी उच्चार शिकलेली मुलं तयार झाली, रात्रपाळीची सवय लागली. ठगांनी ते सगळं आयतं उचललं. आज तोच धाक उलट्या दिशेने आपल्या घरात येतोय. आयआरएसच्या जागी सीबीआय आली, मुंबई क्राइम ब्रँच आली, पार्सलमध्ये सापडलेले ड्रग्ज आले.

आणि तिकडून बोलणारा कोण? बऱ्याचदा तोही अडकलेलाच. डेटा एन्ट्रीची नोकरी सांगून बँकॉकला बोलवायचं, तिथून सीमेवरची नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावडीतल्या फसवणुकीच्या अड्ड्यांत न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि टार्गेट झालं नाही की मारायचं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये अशा सक्तीच्या कामात अडकलेल्यांचा अंदाज दिला होता: म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार, कंबोडियात सुमारे १ लाख. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी तिथून सुटलेले ५४९ भारतीय परत आणले. त्यांना सरसकट गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सूत्रधार मात्र सहसा हाती लागत नाही. पुणेकरांना कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी काढले गेले. शिवाय आणखी अडीच कोटी भारतातून, त्यात कोल्हापूरची एटीएमसुद्धा. १३ तारखेला १३ कोटी ९२ लाख 'स्विफ्ट'ने, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या यंत्रणेतून, हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. पोलिसांनी चिकाटीने तपास केला, त्याबद्दल आदरच आहे. पण शिक्षा झाली ती प्याद्यांना. ज्यांनी हा सगळा डाव रचला, ते त्या कोर्टात कधी उभेच राहिले नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपल्या हद्दीत जी कडी आहे ती आधी आवळली पाहिजे. ती कडी म्हणजे भाड्याने दिलेलं खातं. लुटलेला पैसा थेट म्यावडीला जात नाही, आधी तो इथल्याच कुणाच्या तरी बचत खात्यात उतरतो. मी बरीच वर्षं बँकेत काउंटरला काढली आहेत. अशा खात्याचं स्टेटमेंट जाणत्या माणसाला लगेच खटकतं. वर्षभर शिल्लक हजार-बाराशे. मग एका दुपारी बारा लाख जमा, आणि अर्ध्या तासात पन्नास-पन्नास हजारांनी वीस-पंचवीस खात्यांत पसार. तिथून क्रिप्टोत, मग देशाबाहेर. खातेदार असतो एखादा कॉलेजचा मुलगा नाहीतर बांधकामावरचा मजूर. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असं आख्खं 'किट' त्याने काही हजारांत देऊन टाकलेलं असतं. पोलीस शेवटी त्याच्याच दारात येतात.

पण ते खातं उघडून कुणी दिलं? केवायसी कुणी तपासली? बारा लाख आले तेव्हा यंत्रणेने घंटा का वाजवली नाही? शाखेवर खाती उघडण्याचं टार्गेट असतं, हे मी आतून पाहिलंय. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे देताना अशा खात्यांतली बँक अधिकाऱ्यांची भूमिका तपासायलाही सांगितलं. फार बरं झालं. पण तेवढ्यावर भागणार नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे: ग्राहकाने फसून स्वतः पैसे पाठवले तरी ८५ हजार पाउंडांपर्यंतची भरपाई मिळते, आणि तिचा निम्मा भार पैसे ज्या बँकेत उतरले तिच्यावर पडतो. आपल्याकडे ग्राहकाने स्वतः ओटीपी टाकला की बँक हात वर करते.

हा निम्म्या भाराचा नियम इथे आला पाहिजे. आला तर खातं उघडतानाच बँका दहादा विचार करतील. तोवर, फसवणूक झाली तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आणि तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेत लेखी विचारा: गेल्या वर्षी आपल्या बँकेत अशी किती खाती सापडली, आणि ती उघडणाऱ्यांवर काय कारवाई झाली? माझा प्रश्न मी लिहून ठेवला आहे.