अबोली की गुलबक्षी?

परवा माझ्या लघवीच्या रंगावरून हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर वाद झाला. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणत होत्या, "ठीक आहे." शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे मेहुणे म्हणत होते, "ठीक काय? गुलबक्षी आहे. आत्तापर्यंत अबोलीवर यायला पाहिजे होता." मला कोणी विचारलं नाही. माल माझा होता, एवढाच काय तो माझा संबंध.

पूर्वपीठिका फार सांगत नाही. ज्यांची प्रोस्टेट वाढली आहे त्यांना ती पाठ आहे, आणि ज्यांची वाढायची आहे त्यांना घाई नाही. रात्री सारखं उठायचं, अंधारात उभं राहून वाट बघायची, झाली म्हणून वळायचं आणि झालेली नाही हे दोन पावलांवर कळायचं. साठीत निम्म्या पुरुषांची ही ग्रंथी वाढलेली असते म्हणे. उंची कमी होते, केस जातात, दात जातात, मित्र कमी होतात. सगळं आटत चाललेलं असताना ही एकटी वीस ग्रॅमची बाई अंग धरते. तेही कुठे, तर मूत्राशयाच्या ऐन तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढा घालून. आधी गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी झाली. पोट फुटेस्तोवर पाणी पाजून ताटकळत ठेवतात, मग सांगतात, "आता करून या," आणि आत किती उरली ते पुन्हा मोजतात. माझी बरीच उरायची.

"छोटंसं आहे," डॉक्टर म्हणाले. "टाका नाही, चिरा नाही. दुर्बिणीतून जायचं." टाका नाही याचा आनंद मला, दुर्बीण कोणत्या वाटेने आत जाते हे कळेपर्यंत पुरला.

ही वाढलेली ग्रंथी पूर्वी पोट फाडून काढत. त्याचा इतिहास मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचला, कारण झोप येत नव्हती. फ्रेयर नावाचे एक सर्जन हिंदुस्थानात वीसेक वर्षं नोकरी करून लंडनला परतले आणि 1901 साली त्यांनी या ऑपरेशनची आपली पद्धत छापून आणली. त्यावर न्यूयॉर्कचे फुलर म्हणाले, हे तर मी आधीच केलंय. दोघांची चांगली जुंपली. ज्यांच्या पोटातून त्या गाठी निघाल्या ते बिचारे या भांडणात कुठेच नाहीत. पुढे 1926 मध्ये स्टर्न यांनी विजेच्या तारेने आतल्या आत खरवडणारं यंत्र आणलं, आणि त्याच्याच सुधारलेल्या अवताराखाली दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाठीत इंजेक्शन घेऊन, दोन्ही पाय टांगून पडलो होतो. कमरेखाली काही कळत नाही, पण कान शाबूत असतात. माझी प्रोस्टेट कापली जात असताना डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलत होते. गाडीच्या बाबतीत दोघेही फार काळजीत होते.

वॉर्डात आणलं तेव्हा मला तीन तोंडांची नळी लावलेली होती. एका तोंडातून सलाइन आत, दुसऱ्यातून सगळं बाहेर, तिसरं आतला फुगा फुगवायला. फुग्यामुळे नळी निसटत नाही, आणि त्याच फुग्यामुळे सारखं वाटत राहतं की जोरात लागली आहे. मूत्राशय रिकामं असतं तरीही. "सिस्टर, लागली आहे." "काका, नळी आहे. आपोआप होतेय." हा संवाद रात्रभर चालला. आपोआप होतेय हे मेंदूला पटतं, पण ज्याला पटायला हवं ते ऐकत नाही.

आणि मग शेजारच्या पडद्याआडून मेहुणे आले.

"नमस्कार साहेब. झालं ना टीयूआरपी, दुर्बिणीचं ऑपरेशन? आमच्या दाजींचं पण तेच. काल." एवढं बोलून ते माझ्या खाटेपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी माझी पिशवी उचलून धरली. आधी डाव्या बाजूने पाहिली, मग उजव्या. मग उठून खिडकीचा पडदा सरकवला.

"ट्यूबलाइटखाली शेड कळत नाही साहेब. उजेडातच बघायला लागते. हं. राणी कलर. पहिल्या दिवशी राणीच असतो. उद्या गुलबक्षी, परवा अबोली, मग मोतिया. मोतिया आला की नळी निघाली म्हणून समजा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"छे हो! साड्यांच्या काउंटरवर होतो. चाळीस वर्षं."

चाळीस वर्षांची सवय नुसती बसू देत नाही. दाजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे. ते खरंच झोपलेले नव्हते, हे माझं मत आजही कायम आहे. त्यामुळे गिऱ्हाईक उरलो मी एकटा. दर तासाला मेहुणे यायचे, पिशवी उजेडात धरायचे, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचे आणि सिस्टरना परस्पर सूचना द्यायचे: "बाटली जरा जोरात सोडा, शेड चढतेय." सिस्टर आधी चिडायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला सांगत होत्या, "बेड चार, सकाळी गुलबक्षी, आता कमी." मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

सगळ्यात जिव्हारी लागला तो भेटीच्या वेळेतला प्रसंग. एकेकाळी माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेली आणि आता त्याच ऑफिसची मॅनेजर झालेली एक मुलगी भेटायला आली. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, पण माझ्यासाठी मुलगीच. मी उशीला टेकून, जमेल तितका साहेबासारखा चेहरा करून बसलो. पिशवीवर चादरीचं टोक ओढलं. ती ऑफिसचं काही सांगत होती आणि मी पूर्वीसारखी मान डोलावत होतो. इतक्यात मेहुण्यांनी चादरीचं टोक बाजूला केलं.

"मॅडम, तुम्हीच सांगा. हा गुलबक्षी की अबोली?"

मला वाटलं, ही आता संकोचून उठेल. तिने पर्समधून चष्मा काढला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "गुलबक्षी नाही हो. पण अबोलीत जरा केशरी झाक असते ना? ही नाहीये."

"बघा! नजर आहे!" मेहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, जणू तिला मीच शिकवलं होतं. पुढची दहा मिनिटं ती दोघं माझ्या अंगावरून बोलत होती. जाताना ती म्हणाली, "काळजी घ्या सर," पण बघत पिशवीकडेच होती.

त्याच रात्री ओटीपोटात कळ येऊ लागली. नेहमीची फुग्याची असेल म्हणून मी दात दाबून पडून राहिलो. पडद्याआडून आवाज आला, "साहेब, वरची बाटली उतरतेय, पण खालची पिशवी भरत नाहीये. आत जातंय ते राहतंय कुठे?" आणि ते चपला फटफटवत सिस्टरना उठवायला गेले. रक्ताची गुठळी नळीत अडकली होती. मोठ्या सिरिंजने पाणी मारून ती काढली तेव्हा जीव खाली पडला. माणूस बरोबर निघाला याचा मला अजून राग आहे. डॉक्टरांचा राउंड होता, तो चपला न थांबवता होई. "कसं वाटतंय? छान," एवढ्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही तेच उरकायचे. पिशवीकडे नीट पाहणारा अख्ख्या मजल्यावर एकच माणूस होता, आणि तोही पगारावर नव्हता.

नळी काढल्यावर स्वतःहून झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. मी बाथरूममध्ये, मेहुणे दाराबाहेर. "धार की थेंब, साहेब?" आग होत होती, पण धार होती. कित्येक वर्षांनी आवाज करणारी धार होती. "धार!" मी ओरडलो. बाहेरून वॉर्डातले मामा, मावशी आणि बहुधा दाजी यांच्या टाळ्या ऐकू आल्या.

निघताना डॉक्टरांनी सूचना सांगितल्या. वजन उचलू नका, कुंथू नका, पाणी भरपूर प्या, दहा-पंधरा दिवसांनी खपली पडताना पुन्हा थोडं रक्त दिसेल, घाबरू नका. आणि मग, पेनचं टोपण लावता लावता, म्हणाले, संबंधाच्या वेळी आता वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जाईल, पुढे लघवीतून निघून जाईल. बहुतेकांना होतं, अपाय काही नाही.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"फॉर्ममध्ये होतं ना. आणि आता या वयात काय फरक पडतो?"

फॉर्म मला आदल्या संध्याकाळी मिळाला होता, सहीच्या जागी फुली मारून. फरक कदाचित पडतही नसेल. पण तो हिशोब माझा होता, घरात बायकोशी बोलायचा होता, आणि तो एक तरुण माणूस टोपण लावता लावता परस्पर मिटवून मोकळा झाला. लघवीबद्दल चारचौघांत ओरडून विचारतात. हे मात्र एका वाक्यात, तेही हलक्या आवाजात.

ऑपरेशनआधी भरून घेतली होती तीच लघवीच्या त्रासाची प्रश्नावली फॉलोअपला पुन्हा हातात आली. सात प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क, एकूण 35. मार्क जितके जास्त तितकी अवस्था वाईट. मी एरवी कधी इतका चांगला नापास झालो नव्हतो. खाली आठवा प्रश्न असतो: लघवीच्या सध्याच्या स्थितीत उरलेलं आयुष्य काढावं लागलं, तर कसं वाटेल? 'अत्यंत आनंद' पासून 'भयंकर' पर्यंत पर्याय. एवढा मोठा प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता, म्हणून मी नीट विचार केला आणि मधल्या 'संमिश्र' वर खूण केली.

काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिला. "काका, धार चांगली आहे ना? रात्री उठायला लागत नाही ना?"

"नाही."

"मग असं काय लिहिलंय?" म्हणत तिने माझी खूण खोडली, 'अत्यंत आनंद' वर स्वतःच टिक केली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.