मागच्या पानावरून पुढे

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या पंचवीस संघांची यादी आपणही करावी, असं तुमच्या मनात आलंय म्हणे. येणारच. इकडे येऊन पंधरा वर्षं झाली, पहाटे उठून क्रिकेट बघणं ना गुडघ्यांना झेपत ना बायकोला, आणि सोमवारी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी सगळे ज्यावर तावातावाने बोलतात तिथे आपण नुसते मान डोलावत उभे. तेव्हा यादी कराच. फक्त त्यासाठी सामने बघावे लागतात अशी काही समजूत असेल, तर ती आधी काढून टाका.

साधा हिशेब आहे. डिव्हिजन वन या कॉलेज खेळांच्या सगळ्यांत वरच्या श्रेणीत पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ. प्रत्येकाचे आठवड्याला साधारण दोन सामने धरले, तर एकूण सामने साडेतीनशेच्या घरात. एकेक दोन तासांचा म्हणजे सातशे तास. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट, त्यात नोकरी, झोप आणि मुलांना कुमॉनच्या शिकवणीला सोडणं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या, म्हणजे एपीच्या यादीसाठी मत देणारे साठेक पत्रकार हा हिशेब कधीच करून मोकळे झालेत. ते पंचवीस नावं लिहून पाठवतात. पहिल्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, असं उतरत पंचविसाव्याला एक. सोमवारी दुपारी बेरीज जाहीर होते. ही यादी १९४९ पासून निघतेय. बेरीज अगदी बिनचूक असते. नावांचं काय ते आपण पुढे बघू.

पहिली यादी ऑक्टोबरात करायची, चेंडू जमिनीवर आपटायच्याही आधी. घाबरू नका, हीच सगळ्यांत सोपी. एप्रिलमध्ये शेवटी टीव्हीवर कोण दिसलं होतं ते आठवा आणि त्यांना वर ठेवा. खेळाडू तेच आहेत का, हे बघू नका. हल्ली ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलायच्या नोंदणीमुळे, पोरं उन्हाळ्यात संघ असे बदलतात की कोण कुठे गेलं याचा पत्ता प्रशिक्षकालाही लिहून ठेवावा लागत असेल. जर्सी मात्र जागची हलत नाही. तुम्ही क्रमांक जर्सीला देताय.

मी कॅरीत राहतो. नॉर्थ कॅरोलायनातलं हे गाव इतकं आपल्या लोकांचं झालंय, की किराणा दुकानात भाजणीच्या पिठावरून वाद घालायला माणूस मिळतो. एका अंगाला चॅपल हिल, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना, म्हणजे यूएनसी. दुसऱ्या अंगाला डरहॅम, तिथे ड्यूक. दोघांत जेमतेम दहा मैल आणि एक निळा रंग. यूएनसीचा आकाशी, ड्यूकचा गडद. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटत असेल तर माझा अनुभव ऐका. सेलमध्ये मिळालेला आकाशी स्वेटर घालून मी एका सहकाऱ्याच्या घरी पॉटलकला गेलो. सोबत साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली. यजमान ड्यूकचा जुना विद्यार्थी. त्याने दार उघडलं, खिचडीचं भांडं हातात घेतलं आणि स्वेटरकडे अशा नजरेने बघितलं, जशी माझी आजी चपला घालून देवघरात शिरणाऱ्याकडे बघायची. मी म्हटलं, सत्तर टक्के सूट होती. तो म्हणाला, असणारच.

तर ऑक्टोबरच्या यादीचं उदाहरण आमच्या इथलंच. २०२२ च्या एप्रिलमध्ये आठव्या मानांकनाचा यूएनसी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. वाटेत उपांत्य फेरीत त्याने ड्यूकला ८१-७७ हरवलं आणि ड्यूकचे प्रशिक्षक ‘कोच के’ यांच्या कारकिर्दीवर तिथेच पडदा पडला. अंतिम सामन्यात मध्यंतराला कॅन्ससवर पंधरा गुणांची आघाडी होती. ती घालवून ७२-६९ असे हरले, पण हरताना फार छान दिसले. सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचांतले चार जण परत येणार होते. ऑक्टोबर उजाडला आणि मतदारांनी यूएनसीला पहिल्या क्रमांकावर बसवलं. आमच्या गावात आकाशी रंगाचा तुटवडा झाला.

नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी लागोपाठ चार सामने गमावले, त्यातला अलाबामाविरुद्धचा तर चार ओव्हरटाइमनंतर, १०३-१०१. चौथा पराभव झाला आणि संघ यादीतून गायब. मोसमअखेर २० विजय, १३ पराभव, आणि अडुसष्ट संघांच्या त्याच राष्ट्रीय स्पर्धेचं, म्हणजे मार्चमध्ये सुरू होणाऱ्या मार्च स्पर्धेचं, आमंत्रणच नाही. १९८५ मध्ये ती स्पर्धा चौसष्ट संघांची झाली. तेव्हापासून मोसमाआधी पहिला असलेला संघ स्पर्धेबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्या वर्षी जिंकलं कोण? कनेटिकट, ज्याला ऑक्टोबरच्या पंचवीसांत जागाच नव्हती. सहाच्या सहा सामने किमान तेरा गुणांच्या फरकाने जिंकून त्यांनी चषक नेला.

यावरून मतदारांनी काय धडा घेतला म्हणाल? पुढच्या ऑक्टोबरात नवी यादी केली. तुम्हीही तेच करायचंय. लग्न मोडलं म्हणून पत्रिका जुळवणाऱ्याकडे कोणी पैसे परत मागायला जात नाही.

आता मोसम सुरू. दर रविवारी रात्री मागच्या आठवड्याची फाइल उघडायची, नवीन कधीच नाही. कोरा कागद समोर घेऊन ‘आज सगळ्यांत चांगलं कोण खेळतंय’ असा विचार करणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. जो जिंकला तो जागच्या जागी, जो हरला तो खाली, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मागचे एकेक पायरी वर. सरकारी कार्यालयातल्या ज्येष्ठता यादीचंच तत्त्व. सातव्या क्रमांकाचा संघ एखाद्या अनाथ कॉलेजला घरच्या मैदानावर चाळीस गुणांनी झोपवतो तेव्हा तो सहावा होतो, कारण सहावा त्याच संध्याकाळी चौथ्याच्या घरी जाऊन एका गुणाने हरला. सहाव्याने चूक काय केली? सामना खेळला.

हरण्यालाही मुहूर्त असतो. बुधवारी हरा आणि शनिवारी जिंका, रविवारपर्यंत सगळे विसरलेले असतात. उलट केलंत तर पाच पायऱ्या गेल्याच समजा. कॅलिफोर्नियात हरलात तर आणखी बरं. तिथला रात्रीचा सामना ऐन भरात येतो तेव्हा न्यूयॉर्कचे पत्रकार घोरत असतात. पुण्यात त्या वेळी सकाळचा दुसरा चहा चाललेला असतो, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या संघांबद्दल खरं तर सदाशिव पेठेतून जास्त अधिकाराने मत देता येईल. सदाशिव पेठेला ते कमी पडणारही नाही.

काही संघांना मात्र हे नियम लागू नाहीत. कॅन्सस, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए. यांना इकडे ‘ब्लू ब्लड’ म्हणतात आणि पाचांच्याही जर्सीत निळा असतोच. पुण्याच्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटंही लागत नाहीत: हे मानाचे पाच गणपती. मिरवणुकीत त्यांचा क्रम ठरलेला. मागचा देखावा कितीही भारी असो, ढोल कितीही दणदणोत, आधी मानाचे जाणार. दोन सामने हरलेला ड्यूक ‘लयीत येतोय’, दोन सामने हरलेला, मानाच्या पाचांबाहेरचा डेटन ‘उघडा पडलाय’. गंमत म्हणजे बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ कॅन्ससचा पहिला प्रशिक्षक होता, आणि त्यांच्या आजवरच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच, ५५ विरुद्ध ६०. त्याला आज मत द्यायला बसवलं असतं तर त्याने कदाचित खेळाडूंकडे बघितलं असतं. बरं झालं, नाही बसवलं.

इतिहासातले दाखले मात्र तोंडपाठ ठेवा, अडचणीत कामाला येतात. जानेवारी १९६८, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, बावन्न हजारांवर प्रेक्षक. ह्यूस्टनने यूसीएलएची सलग ४७ विजयांची मालिका ७१-६९ अशी तोडली आणि पहिला क्रमांक पटकावला. मार्चमध्ये उपांत्य फेरीत हेच दोघे परत समोर आले. निकाल १०१-६९, यूसीएलए. पण त्या काळी शेवटची यादी स्पर्धेच्या आधीच निघायची, त्यामुळे एपीच्या दप्तरात त्या मोसमाचा पहिला अजूनही ह्यूस्टन आहे. बत्तीस गुणांनी हरलेला. मला ही नोंद फार आवडते. एखाद्याने हॉटेलचं बिल आधी चुकतं करावं आणि जेवण नंतर सांडावं, तसं.

किंवा डिसेंबर १९८२. पहिल्या क्रमांकाचा व्हर्जिनिया, त्यात सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्प्सन, होनोलुलूत शमिनाड नावाच्या छोट्याशा कॉलेजशी खेळला आणि ७७-७२ असा हरला. शमिनाड तर डिव्हिजन वनमध्येही नव्हतं. पहिल्याला हरवणारा पहिला, हा न्याय लावला असता तर हजारभर विद्यार्थीही नसलेलं कॉलेज देशात अव्वल झालं असतं आणि एपीला त्याचं स्पेलिंग शोधावं लागलं असतं. म्हणून तो न्याय नको. ‘अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं’ हे गणित तुमच्या आवडत्या संघापर्यंत पोचेपर्यंतच करायचं. पोचलं की पेन्सिल खाली.

आता संगणकाचं सांगतो, कारण कोणीतरी एक्सेल घेऊन अंगावर येणारच. केन पॉमरॉय नावाचे एक गृहस्थ आहेत. दर शंभर पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या दर शंभर खेपांमागे, कोण किती गुण करतो आणि किती देतो, यावरून ते सगळे संघ मांडतात. मूळचे हवामानशास्त्रज्ञ. हवामान खात्याने मुसळधार म्हटलं की छत्री घरी ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून हसू येईल, पण या माणसाचे अंदाज बरेच बरोबर येतात, हीच अडचण आहे. मग २०१८ पासून कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएचं स्वतःचं ‘नेट’ नावाचं मानांकन आलं. त्यात विजयांच्या चार प्रतवाऱ्या. घरी खेळलात तर पहिल्या तीस संघांना हरवलं तरच पहिली प्रत. परक्या मैदानावर पंचाहत्तराव्याला हरवलंत तरी पहिलीच. शिवाय ही प्रत रोज बदलते. डिसेंबरात तुम्ही ज्याला हरवलं तो फेब्रुवारीत वर चढला, तर सोफ्यावर बसल्या बसल्या तुमचा विजय सुधारतो. लग्नात ‘आमचे व्याही नायब तहसीलदार’ म्हणून ओळख करून दिलेला माणूस पुढे प्रांत झाला की आपली कॉलर ताठ होते, तसंच. संगणक तुमच्या बाजूने बोलला तर ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणा. विरोधात गेला तर ‘सामना कागदावर खेळत नाहीत’. दोन्ही वाक्यं एकाच दिवशी वापरू नका, एवढंच पथ्य.

पंचविसाव्या जागेबद्दल थोडं मनापासून. इथे तुमचा एक गुण असतो आणि तो कुठेही टाकता येतो. असा गुण मिळालेले, पण पंचवीसांत न बसलेले संघ यादीखाली बारीक अक्षरात छापतात. आपल्याकडे चित्रकला स्पर्धेत ‘उत्तेजनार्थ’ असायचं तेच. त्या एका गुणाने कुठल्यातरी माळरानावरच्या विद्यापीठात फटाके वाजतात. जनसंपर्क विभाग पोस्टर काढतो. चौदा सामने लागोपाठ जिंकलेल्या आणि कोणीही न बघितलेल्या एखाद्या संघाला तो जरूर द्या. सबंध यादीत तुम्ही केलेलं तेवढं एकच काम खरं असेल.

एक कानात सांगतो, बाहेर बोलू नका. मार्च स्पर्धेचे संघ निवडणारी समिती एपीची यादी विचारात घेत नाही. आपला पहिला क्रमांक तिच्या लेखी शून्य. मग उरतं काय, तर टीव्हीवर संघाच्या नावाआधी दिसणारा तो छोटा आकडा. पण तो आकडा साधा नव्हे. नावाआधी ‘३’ असलेल्या संघाला घरच्या मैदानावर हरवलं की विद्यार्थी कठडे ओलांडून कोर्टवर धावतात. एसईसी या गटात त्यासाठी विद्यापीठाला लाखो डॉलरचा दंड होतो. आकडा नसलेल्या संघाला हरवलं की तीच मुलं दप्तर उचलतात आणि पिझ्झा खायला जातात.

परवा रविवारी रात्री मी अशीच यादी करत बसलो होतो. मागच्या आठवड्याची फाइल उघडली, तारीख बदलली, दोन नावं खालीवर केली. साताऱ्याहून आईचा फोन आला, तिकडे सोमवारची सकाळ. काय करतोयस विचारलं, म्हणून सांगितलं.

“मग तुमच्या गावचा कितवा आला?”

“सातवा.”

“कितीत?”

“साडेतीनशेवर आहेत.”

“बरा आहे की! परीक्षा कधी झाली?”

“परीक्षा मार्चमध्ये असते, आई.”

थोडा वेळ नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली.

“अरे, मग नंबर कुठून आला?”

मी तिला तिकडे थंडी पडली का ते विचारलं.