खुर्चीत बसलेल्या आज्जींचा व्हिडिओ

आज सकाळी आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वीस-बावीस सेकंदांचा एक व्हिडिओ आला. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या कानडी आज्जी गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसल्या आहेत, मांडीवरची कापडी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे, मागे पहाटेचा उजेड आहे, आणि त्यावर कोणीतरी विनोदी संगीत चढवून 'पुढच्या भूकंपाची वाट पाहताना' असे लिहिले आहे. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. ते चेहरे मी मोजले, इतका मला राग आला. नऊ वाजेपर्यंत एकतीस झाले होते.

परवा रात्री बसलेला धक्का मोठा नव्हता, हे मान्य. कॅलेंडर खिळ्यावर डोलले, मांडणीतली भांडी किणकिणली, पलंग कोणीतरी खालून ढकलावा तसा सरकला आणि थांबला. तासाभराने आणखी एक आला, तो इतका बारीक की निम्म्या लोकांना कळलाही नाही. पडझड नाही, कोणाला खरचटलेही नाही. पण ज्यांना तो कळला त्यांची झोप गेली, आणि झोप गेलेल्या माणसाला हसणे हा जर आपल्याकडचा नवा करमणुकीचा प्रकार असेल, तर मला त्यात धरू नका.

मी 7 वर्षांची होते तेव्हा कोयनेचा भूकंप झाला. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून गेले होते. आम्ही बेळगावच्या वडगावात राहत होतो, घरात दोन हातमाग होते आणि आम्ही मुले मागाशेजारीच घोंगडीवर झोपायचो. मला जाग आली ती माग खडखडत होता म्हणून. वडील उठले असतील असे वाटले, पण मागावर कोणीच नव्हते. तुळईला टांगलेला कंदील एवढे झोके घेत होता की भिंतीवरच्या सावल्या पळत होत्या, आणि कौलांतून माती आमच्या तोंडावर पडत होती. घरातली मोठी माणसे काय होते आहे ते न समजून नुसती उभी होती. तेवढ्यात बाहेरून दार ठोकल्याचा आवाज आला. शेजारच्या कानडी अव्वा हातातल्या वरवंट्याने आमचे दार बडवत ओरडत होत्या, "होरग बर्री! होरग बर्री!" बाहेर या, बाहेर या. आम्ही बाहेर आलो ते त्यांच्या त्या हाकेमुळे.

ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना या हाकेची किंमत कळेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला होता, बेळगाव म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यातच राहावे असे त्यात म्हटले होते, आणि तेव्हापासून माझे वडील आणि अव्वांचे यजमान एकमेकांशी बोलत नव्हते. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना अबोला होता. (सीमाप्रश्नावर माझे मत काय आहे ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते बदललेले नाही, त्यामुळे कोणी त्यावर वाद घालायला येऊ नये.) तरीही जमीन हलली तेव्हा अव्वा आधी आमच्या दाराशी आल्या आणि मग स्वतःच्या अंगणात गेल्या. मार्गशीर्षातल्या थंडीत सगळी गल्ली रस्त्यावर बसून होती आणि उजाडेपर्यंत तो वरवंटा त्यांच्या काखेतच होता.

कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत जवळपास दोनशे किलोमीटर. तिथे सुमारे 180 माणसे गेली, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळले. 6.3 रिश्टर, 103 मीटर उंचीचे धरण, जलाशयात साठलेले पाणी आणि त्या पाण्याने जागे होणारे भूकंप, ही सगळी चर्चा मोठ्यांची होती. आम्हा मुलांना कळत होते ते एवढेच, की ते एका रात्रीत संपले नव्हते. पुढे कित्येक दिवस आजी उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून झोपायची. रात्री केव्हाही उठून कंदिलाची वात मोठी करायची आणि पाण्याकडे बघत बसायची. पाणी स्थिर असले तरी तिला खात्री वाटायची नाही. बैलगाडी गेली तरी ती आम्हाला उठवायची. त्या वेळीही काही जण तिला हसले असतील, पण निदान तिच्या तोंडासमोर संगीत लावून नाही.

आता आमच्या ग्रुपबद्दल. परवा रात्री पहिल्या पाच मिनिटांत 'जाणवले का?' असे साठेक संदेश आले. त्यातच एका सद्गृहस्थांनी पुढे पाठवले, की पहाटे तीन वाजता मोठा धक्का बसणार आहे, सावध राहा. भूकंपाची अशी वेळ सांगणारी विद्या जगात अजून कोणाकडेही नाही. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येत राहतात आणि दिवसागणिक विरळ होत जातात, एवढे सांगता येते. अमुक वाजता येईल असे सांगणारा थापा मारतो. तरीही तो संदेश तीन जणांनी पुन्हा टाकला. आज्जींच्या नातीने त्यांना फोन घेऊन दिला आहे, त्या ग्रुपवर आहेत, त्यांनी तो वाचला आणि त्या खाली जाऊन बसल्या. म्हणजे घाबरवले तुम्ही, आणि त्या घाबरल्या म्हणून हसताही तुम्हीच!

आणि स्वतःला शूर समजणारी ही मंडळी त्या रात्री उभी कुठे होती? पार्किंगमध्ये. म्हणजे चार मजल्यांच्या बरोबर खाली, नुसत्या खांबांच्या मध्ये, मोबाइल वर धरून. 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला तेव्हा तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये ज्या इमारती बसल्या, त्यांतल्या कितीतरी अशाच होत्या, तळमजला मोकळा ठेवून पार्किंग केलेल्या. किल्लारीत 1993 साली गणपती विसर्जन करून झोपलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली, ते घर जुने म्हणून. आपली घरे नवी आहेत म्हणून आपण निर्धास्त. त्या सगळ्या गर्दीत इमारतीपासून दूर, मोकळ्या आभाळाखाली खुर्ची टाकून बसलेल्या एकट्या आज्जी होत्या. शहाणे कोण ते तुम्हीच ठरवा.

हसल्याने भीती हलकी होते असे माझा मुलगा म्हणतो. असेल. पण मग स्वतःच्या भीतीला हसावे.

इथवर मी अकराच्या सुमारास लिहिले होते आणि पोस्ट टाकणार होते. त्याआधी आज्जींना चहा नेऊन द्यावा असे वाटले, खरे सांगायचे तर त्यांनी तो व्हिडिओ पाहिला आहे का, हे मला जाणून घ्यायचे होते. त्यांनी पाहिला होता. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीत काय होते असे मी विचारले तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. रक्तदाबाच्या गोळ्या, पेन्शनचे पासबुक, यजमानांचा जुना चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यात आमच्याही घराची एक किल्ली होती, गेल्या वर्षी लग्नाला गेलो तेव्हा मीच त्यांच्याकडे ठेवलेली आणि परत घ्यायची विसरलेली. मग सहज बोलल्यासारखे त्या म्हणाल्या, की खाली जाताना तुमची बेल मी दोनदा वाजवली होती, तुम्ही झोपला असाल.

मी झोपले नव्हते. बेल मला ऐकू आली होती. इमारतीतली पोरे धावपळ करताना वाजवून गेली असतील असे समजून मी पलंगावरच बसून राहिले, कारण त्या वेळी मीही ग्रुपवर 'जाणवले का?' असे टंकत होते. त्या साठ संदेशांत दोन माझे आहेत. पंच्याऐंशीच्या घरातली बाई अंधारात जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबून माझे दार वाजवते आणि मी फोनमध्ये लोकांना विचारत बसते! हे आज्जींना सांगायचे धैर्य मला झाले नाही. झोपले होते, असेच मी म्हणाले. इथे लिहिते आहे ते त्या फेसबुकवर नाहीत म्हणून.

वर जे रागाने लिहिले आहे त्यातले एक वाक्यही मी मागे घेत नाही, फक्त ते कोणाकोणाला लागू आहे त्या यादीत माझे नाव घालून वाचा.

आज रात्री आज्जी आमच्याकडे झोपणार आहेत. आधी नको म्हणाल्या, मग दाराजवळ गादी घालणार असाल तर येते म्हणाल्या. गादी घातली आहे. पार्किंगमधल्या मंडळींना मी ग्रुपवर एवढेच लिहिले आहे, की पुन्हा हलले तर गेटबाहेरच्या मैदानात जायचे आणि जाताना प्रत्येकाने शेजारचे एक दार वाजवायचे. त्यावर आतापर्यंत चार अंगठे आले आहेत. व्हिडिओ मात्र अजून तिथेच आहे आणि हसणारे चौतीस झाले आहेत. नव्या तिघांची नावे मला दिसतात, त्यातले एक जण माझ्या वर्गात होते.