आजीची चार नावं

माझ्या आजीची चार नावं आहेत. शाळेच्या दाखल्यावर सुधा, माहेरच्या आडनावाने. लग्नात नाव बदललं, म्हणून घरात लक्ष्मी. रेशनकार्डावर लक्ष्मीबेन. आणि आधारवर 'लक्ष्मी', मग एक मोकळी जागा, मग 'बेन'.

त्या मोकळ्या जागेने गेल्या वर्षी आम्हाला रडवलं. एका कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाने दोन कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, या दोन वेगळ्या बायका आहेत. आजी 86 वर्षांची. बडोद्यातल्याच दांडिया बाजारातून वाडीत, एवढंच तिचं जन्मभराचं स्थलांतर. ती म्हणाली, "अहो, मी समोर बसल्येय ना!"

तो आवाज माझ्या नव्या कलाकृतीत आहे. अंधारी खोली, भिंतीवर चारही कागद मोठे करून टाकलेले, आणि आजी एकेक नाव उच्चारते आहे.

मी डिझाइन शिकवते. पोस्टर, लोगो शिकवण्याआधी मुलांना अर्जाचा फॉर्म शिकवायला हवा, असं माझं ठाम मत झालंय. कुठला रकाना ठेवायचा, त्यात किती अक्षरं मावतील, हे कुणीतरी ठरवतं आणि माणसाला त्यात बसावं लागतं. 'बेन' कुणीतरी आदराने लिहिलं होतं. संगणकाला आदर कळत नाही, अक्षरं कळतात. आसामात नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) ऑगस्ट 2019 च्या अंतिम यादीतून 19 लाखांवर माणसं बाहेर राहिली. कागदोकागदी बदललेल्या नावांपायी किती घरांची झोप उडाली, ते तेव्हा रोज वाचत होतो.

"मॅडम, आपला काय संबंध?" एका मुलाने विचारलं. संबंध आहे. वर्गातली बहुतेक मुलं 3 डिसेंबर 2004 नंतरची. नागरिक ठरायला त्यांच्यासाठी इथे जन्मणं पुरेसं नाही, कायदा आईवडिलांचं नागरिकत्वही बघतो. म्हणजे बापाच्या नावातली वेलांटीसुद्धा मुलाच्या वाट्याला येऊ शकते.

मग मुलांनी घरचे कागद आणले. एकीचे वडील गंजामहून सुरतेच्या लूमवर आले, त्याला 22 वर्षं झाली. 'कायमचा पत्ता' म्हणून ते अजून ओडिशातलं घर लिहितात, जिथे आता कुणीच राहत नाही. तिने फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: 'कुठे राहत आलात, किती वर्षं'. आणि नावाखाली: 'आणखी कोणत्या नावांनी ओळखतात'. दोनच ओळी. मला त्या कितीतरी चित्रांपेक्षा मोलाच्या वाटल्या.

काहींना हे कलेच्या बाहेरचं वाटतं. पण आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कलाशाळेचा पाया घातला तो इंदूरच्या चित्रकार बेंद्र्यांनी, बंगालच्या शिल्पकार शंखो चौधुरींनी, केरळच्या चित्रकार सुब्रमण्यन यांनी. खुद्द सयाजीराव महाराज 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले. बडोद्याने यांना परकं म्हटलं नाही.

तुमच्या घरी ट्रंकेत असे कागद असतील, एकाच माणसाची दोन-तीन नावं असलेले, तर कळवा. मी घरी येऊन स्कॅन करीन, मूळ कागद नेणार नाही. फक्त आजी-आजोबांनी ती नावं स्वतः मोठ्याने म्हणायची, तेवढं रेकॉर्ड करू द्या.