ठेक्याच्या जरा मागे

परवा कणकवलीहून डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा आमनेसामने सामना, ऐकून परत येत होतो. पहाटेचे साडेतीन वाजलेले, गाडीत आम्ही चौघं. नांदगाव तिठा सोडून देवगडच्या रस्त्याला लागल्यावर मी फोन जोडला आणि फ्लाइंग लोटसचा 'कॉस्मोग्रामा' लावला. दोन मिनिटं झाली नसतील, मागच्या सीटवरून आवाज आला, "ता बंद कर रे, तुझा ब्लूटूथ तुटता हा."

ब्लूटूथ तुटत नव्हता. ते संगीतच तसं आहे. पण तेव्हा सगळे झोपेत होते, मी बंद केलं. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. कारण असं बोलणारा हा माझा मित्र त्याच रात्री, दोन तास आधी, खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता. गजर रंगात आलेला, झांज उसळत होती आणि पखवाजवाल्याने समेवर यायच्या आधी हात असा काही ओढून धरला की अख्खा मांडव श्वास रोखून बसला. सगळ्यांना वाटलं, आता हा चुकला. मग थाप पडली, अगदी शेवटच्या क्षणी. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीत जे वाजत होतं, तेही हेच होतं. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाइंग लोटस म्हणजे स्टीव्हन एलिसन, लॉस एंजेलिसचा. 'कॉस्मोग्रामा' हा त्याचा २०१० सालचा अल्बम. पाया हिपहॉपचा आणि वरचा सगळा संसार जॅझचा. बास वाजवतो थंडरकॅट, त्याची बोटं पावसाच्या सरीसारखी धावतात. सॅक्सोफोनवर रवी कोलट्रेन. मध्येच हार्प हे तारवाद्य उलगडतं, मध्येच टेबल टेनिसचा चेंडू टप्पे घेतो आणि त्या टप्प्यांचाच ताल होतो. आणि खाली ड्रम असे, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं कोणीतरी पायरी चुकून खाली येतंय. सलग अशी चाल फार वेळ टिकत नाही. एका जागी कान स्थिरावतोय तोवर दुसरं दार उघडतं.

हा पायरी चुकल्यासारखा ठेका आला कुठून, ते सांगायलाच हवं, कारण सगळी गोडी तिथे आहे. डेट्रॉइट शहरात १९७४ साली जन्मलेला जे डिला नावाचा एक माणूस होता. तो अकाई कंपनीच्या एमपीसी या यंत्रावर काम करायचा. यंत्र साधं दिसतं: रबराची सोळा चौकोनी बटणं, प्रत्येकात एक आवाज भरायचा आणि बोटांनी वाजवायचं. या यंत्रांत एक सोय असते, क्वांटाइझ. तुम्ही थाप जरा पुढेमागे मारलीत तर यंत्र ती ओढून बरोबर मात्रेवर आणून बसवतं. चूक नाही, फट नाही, सगळं एका रेषेत. डिलाने ती रेष मोडली. एक आवाज केसभर आधी, दुसरा केसभर उशिरा, तिसरा अगदी जागेवर. एकाच ठेक्यात तीन माणसं तीन चालींनी चालताहेत आणि तरी बरोबर पोचताहेत, असं वाटतं. जो माणूस यंत्र वापरून यंत्राला असं डुलायला लावतो, त्याच्या संगीताला 'मशीनचं निर्जीव संगीत' म्हणणं मला पटत नाही. कधीच पटणार नाही.

आमच्या घरात पखवाज आहे. बाबा गावच्या भजन मंडळात चाळीसेक वर्षं वाजवत आले. मला शिकवताना त्यांनी मात्रा मोजायला फारसं लावलं नाही. ते म्हणायचे, "बुवा श्वास घेता ना, थंय हात जरा थांबाक होयो." म्हणजे ठेका गाणाऱ्याच्या छातीवर लक्ष ठेवून वाजवायचा. लहानपणी मला हे कळायचं नाही. डिला ऐकल्यावर कळलं.

आणि ती कणीक! ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे. वाजवायच्या आधी पखवाजच्या डाव्या पुडीवर ओली कणीक लावायची. बाबा ती तळहातावर मळतात, चपटी करतात, पुडीच्या मधोमध दाबतात आणि बोटांनी कडेकडेने पसरतात. मग एक थाप. मान हलते, नाही जमलं. नखाने चिमूटभर काढतात, पुन्हा थाप. पुन्हा थोडं पाणी लावतात. बुवांनी पेटीवर दोनदा सूर दिलेला असतो, लोक वाट बघत असतात, पण धुमाचा, म्हणजे त्या डाव्या पुडीचा, आवाज पोटात उतरेपर्यंत बाबा पुढे सरकत नाहीत. एका आवाजासाठीची ही चिकाटी मला या इलेक्ट्रॉनिक मंडळींत पुरेपूर दिसते. जुन्या रेकॉर्डवरचा अर्ध्या सेकंदाचा एक ड्रम घ्यायचा, त्याची वरची किणकिण काढायची, खालचा घुमारा वाढवायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा थोडं खरवडायचं. हे करायला रात्र जाते. कणीकच आहे ती, फक्त हाताला लागत नाही.

"पण ते लोक दुसऱ्यांची गाणी उचलतात," हा दुसरा आक्षेप. हो, उचलतात. आपले भजनी बुवा काय करतात? अभंग तुकोबांचा आणि चाल सिनेमातल्या गाण्याची. पहिली ओळ सुरू झाली की मांडवात खसखस पिकते, लोकांना चाल ओळखीची वाटते, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत बुवांनी ती अशी वळवलेली असते की मूळ गाणं मागे राहतं आणि विठ्ठल पुढे येतो. ज्या बुवांना वळवता येत नाही त्यांचं नुसतं उचलणं उघडं पडतं, आणि समोरचा बुवा पुढच्या बारीत त्याचा बरोबर समाचार घेतो. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून नवं गाणं करणं म्हणजे सॅम्पलिंग; त्याला माझी हीच कसोटी आहे. डिलाचा 'डोनट्स' अल्बम ऐका. ३१ तुकडे आहेत, बहुतेक एकदीड मिनिटाचे. जुन्या सोल गाण्यांतला एखादा हुंकार, एखादा अर्धा शब्द घेऊन तो असा फिरवतो की त्या गायकाला जे म्हणायचं नव्हतं ते डिलाचं होऊन जातं. तो तेव्हा गंभीर आजारी होता. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, अल्बम बाहेर आला आणि तीन दिवसांनी तो गेला.

जॅझ आपल्याला परका आहे असं म्हणणाऱ्यांचं मला विशेष वाईट वाटतं. याच किनाऱ्यावरून, तेरेखोल ओलांडलं की लागणाऱ्या गोव्यातून, वादकांच्या पिढ्या मुंबईला गेल्या. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली मुलं, हातात ट्रम्पेट, व्हायोलिन. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ च्या 'अलबेला'त, सी. रामचंद्रांच्या संगीतावर, तो आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतो. ज्या भगवानदादांच्या नाचाची नक्कल गणपतीच्या मिरवणुकीत आजही होते, त्या नाचामागे हा गोव्याचा ट्रम्पेटवाला उभा आहे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी, म्हणजे वाद्यमेळ बसवणाऱ्यांनी, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राला आकार दिला. पुढे २००७ साली मॅडलिब नावाच्या कॅलिफोर्नियाच्या बीटमेकरने, म्हणजे हिपहॉपचे ठेके रचणाऱ्याने, हिंदी सिनेसंगीताच्या रेकॉर्ड कापून अख्खा अल्बम केला, 'बीट कंडक्टा इन इंडिया'. अमेरिकेचं जॅझ गोव्याच्या हातांतून मुंबईच्या स्टुडिओत आलं, सिनेमात मुरलं आणि तिथून पुन्हा कॅलिफोर्नियाला जाऊन हिपहॉप झालं. आता ते माझ्या फोनवर देवगडात वाजतं. यातला कुठला टप्पा परका म्हणायचा?

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, ती लिहितोच. आमच्या भागातल्या एका महोत्सवात गेल्या वर्षी एका तरुण मुलाला स्टेज मिळालं होतं. त्याने शिमग्यातल्या ढोलाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर तोडून त्याच्यावर सॅक्सोफोन चढवला होता. तयारी बरीच केली होती. पंधरा मिनिटांत आयोजकांनी चिठ्ठी पाठवली: हे बंद करा, नाचायची गाणी लावा. आणि मग तेच भिंतीएवढे स्पीकर, तेच रीमिक्स, छातीत धडधड. त्या रीमिक्सबद्दल तक्रार कोणाची नाही, तीही यंत्रावरच केलेली असतात. फरक एवढाच की तिथे प्रत्येक थाप रेषेवर बसलेली असते, ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते आधीच माहीत असतं. तो मुलगा स्टेजवरून उतरून वायरी गुंडाळत बसला होता. मी जाऊन त्याला सांगितलं की तुझा ढोल पालखीच्या चालीत वाजत होता, मला कळलं. तो म्हणाला, "दादा, पालखी खांद्यावर असते ना, तेव्हा पाय जसे पडतात तसेच ठेवलेत." जो मुलगा पालखीखालचे पाय ऐकू शकतो, त्याला आपण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ शकलो नाही.

आता सगळ्यात जवळची गोष्ट. फ्लाइंग लोटसची आजेमावशी म्हणजे ॲलिस कोलट्रेन. तीही मूळची डेट्रॉइटचीच. जॅझमधला मोठा सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन याची बायको, स्वतः पियानो आणि हार्प वाजवणारी. तिच्या मुलाचं, म्हणजे वर आलेल्या सॅक्सोफोनवाल्याचं, नाव रवी ठेवलं ते पंडित रविशंकरांवरून. १९७१ च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्ये तिच्या हार्पखाली तंबोरा वाजतो. पुढे तिने कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथे भजनं बसवली. आपली भजनं, संस्कृत नामं, पण अंगात कृष्णवर्णीयांच्या चर्चचा जोश आणि सोबत सिंथेसायझर, ज्याचे सूर वर घसरत जातात तेव्हा अंगावर काटा येतो. आश्रमातल्या लोकांसाठी काढलेल्या त्या कॅसेट, २०१७ साली त्यांतली निवडक भजनं जगासमोर आली. फ्लाइंग लोटस लहानपणी त्या आश्रमात जायचा. म्हणजे ज्याचं संगीत माझ्या मित्राला ब्लूटूथचा बिघाड वाटलं, त्या माणसाच्या कानावर लहानपणी भजनच पडत होतं. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आणि 'कॉस्मोग्रामा'चं शेवटचं गाणं, त्याचं नाव 'गॅलेक्सी इन जानकी'. त्याची आई २००८ साली गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलच्या खोलीतल्या यंत्रांचे आवाज त्याने रेकॉर्ड करून ठेवले होते. ते या गाण्यात आहेत.

गेल्या श्रावणात बाबांना गोव्याला ॲडमिट केलं होतं. हृदयाचं दुखणं. रात्री आयसीयूत पाच मिनिटांसाठी आत सोडायचे. खाटेशेजारी मॉनिटर, बीप, बीप, एकसारखा. बाबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. मग चादरीवर त्यांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. मधलं बोट आणि अनामिका हलत होती. भजनी ठेका होता. मॉनिटरचा बीप पडला की त्याच्या जरा मागे बोट, पुन्हा बीप, पुन्हा जरा मागे. नर्स म्हणाल्या, हात स्थिर ठेवा, वायर हलतेय. मी त्यांना काही बोलू शकलो नाही. मला तेव्हा डिला आठवला, खरंच आठवला.

बाबा घरी आले. पण पखवाज हातात घेतला नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, काकडआरतीलाही नुसते टाळ घेऊन बसले. डॉक्टरांनी मनाई केली नव्हती. आम्ही कोणी विषय काढला नाही.

डबलबारीच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओटीवर बसून ते शेवटचं गाणं लावलं होतं, स्पीकरवर. बाबा झोपाळ्यावर होते. मध्येच पाय टेकवून त्यांनी झोपाळा थांबवला.

"ह्यो थंयचो आवाज," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. कोणाचं गाणं, कोणाची आई, आश्रम, भजनं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते, बोटं झोपाळ्याच्या कडीवर होती.

"आवस वाचली हेची?"

"नाय."

ते थोडा वेळ माडांकडे बघत बसले. मग उठले, माळ्यावरून गवसणीतला पखवाज मला काढायला सांगितला, आणि आत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला म्हणाले, "वायंच कणीक दी गे."